एक तर नजर, नाही तर दार

चिंगी, आमची कुत्री, घरी आली तेव्हा १० आठवड्यांची होती. चौथ्या दिवशी मी टेबलाशी लॅपटॉपवर काम करत होते आणि ती माझ्या पायाशी होती. मधूनमधून खाली बघितलं की तिची शेपटी दिसायची आणि माझं मन निश्चिंत व्हायचं. थोड्या वेळानं उठले, तर चार्जरच्या वायरीचे तीन तुकडे झालेले आणि आतल्या तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या. प्लग त्या वेळी बोर्डातून काढलेला होता, एवढ्यानंच ती वाचली. मी तिच्याजवळ होते, पण माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं, आणि तोपर्यंत मला यातला फरकच कळला नव्हता.

त्या संध्याकाळी घरात एक नियम ठरला आणि तो आजही मी प्रत्येक नवख्याला सांगते. नवीन आलेला कुत्रा प्रत्येक क्षणी दोनपैकी एका ठिकाणी असला पाहिजे: कुणाच्या तरी नजरेसमोर, नाहीतर बंद दाराच्या आत, त्याच्यासाठी तयार केलेल्या सुरक्षित जागेत. ‘असेल इथंच कुठंतरी’ असं म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही. जवळजवळ सगळे अपघात याच वाक्याच्या आडोशानं होतात.

पुढे जे लिहिलंय ते पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्या क्रमानं करावं लागतं त्याच क्रमानं आहे.

तो येण्याआधी: रांगत घर बघा

आदल्या दिवशी घरातल्या एकानं हातापायांवर रांगत सगळं घर फिरावं. उभ्यानं जे कधी दिसत नाही ते या उंचीवरून दिसतं: पलंगाखाली पडलेली सुई, सोफ्यामागचा एक्स्टेन्शन बोर्ड, रिमोटमधून निसटलेला बटण सेल, पडद्याची लोंबती दोरी, बाथरूममधली फिनाइलची बाटली. पिल्लाला हात नसतात, त्यामुळे जग चाचपायचं ते तोंडानंच. त्यात चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान त्याचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येतात. हिरड्या इतक्या शिवशिवतात की चावल्याशिवाय त्याला राहवतच नाही. म्हणून आपल्या वस्तू आपण उचलायच्या आणि त्याला चावायला त्याच्या हक्काची वस्तू द्यायची. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कुठली आणि नवी कुठली, हे त्याला कसं कळणार?

खाण्यापिण्यातल्या धोक्यांची यादी फ्रीजच्या दारावर लावा, कारण घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत नसते. चॉकलेट (जितकं गडद आणि कडू, तितकं घातक), द्राक्षं आणि मनुका, कांदा, लसूण, शिजवलेली हाडं. या यादीत सगळ्यात वर मी झायलिटॉल लिहीन. साखरमुक्त च्युइंगम, काही टूथपेस्ट आणि काही गोड पदार्थांत हा साखरेऐवजी वापरला जातो. माणसाला तो चालतो, कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यानं एकदम इन्सुलिन सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानंही हे होऊ शकतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १ ग्रॅम पुरे. टेबलावर ठेवलेली पर्स हे अशा च्युइंगमचं नेहमीचं ठिकाण. माणसांची औषधंही तशीच: पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या रोजच्या गोळ्या कुत्र्याच्या यकृतावर, मूत्रपिंडावर आणि रक्तावर घाव घालतात. झाडांपैकी कण्हेर, सायकस आणि एरंडाच्या बिया त्याच्या तोंडापासून लांब ठेवा.

उंदीर मारायच्या औषधाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यातले बरेचसे प्रकार रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात, पण खाल्ल्यावर लगेच काहीच दिसत नाही. कुत्रा खातो, पितो, खेळतो, आणि बहुधा ३ ते ५ दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. ‘बघू, काही वाटलं तर नेऊ’ असं इथं चालत नाही. खाल्ल्याची शंका आली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि मिठाचं पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय कधीच करू नका. जास्त मीठ हेच त्याला विष होतं, आणि पोटात आम्ल किंवा क्षार गेला असेल तर वर येताना तो अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो. त्या विषाचं पाकीट हातात घ्या, पोटात किती गेलं असेल याचा अंदाज करा, आणि पशुवैद्यांना फोन लावा. हा नंबर आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर कुत्रा येण्याआधीच भिंतीवर असू द्या.

आधी त्याची जागा, मग घर

बहुतेक घरांत पिल्लू आल्याच्या पहिल्याच तासात सगळं घर हुंदडून येतं आणि सगळ्यांना कौतुक वाटतं. मी म्हणेन, पहिले काही दिवस त्याचं जग एका खोलीएवढंच असू द्या. ती खोली मात्र तुम्ही सर्वांत जास्त वेळ जिथं असता ती हवी. दूरच्या खोलीत एकटं ठेवलेलं पिल्लू रडतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण परवापर्यंत ते भावंडांच्या ढिगात झोपत होतं.

हद्द आखायला लहान मुलांसाठी जिन्यापाशी लावतात तसलं जाळीचं फाटक सर्वांत सोयीचं. भरीव दारामागे त्याला कोंडल्यासारखं वाटतं. जाळीतून तो तुम्हाला बघू शकतो आणि तुम्ही त्याला. गजांमधली फट तपासा, कारण जिथून पिल्लाचं डोकं जातं तिथून अंगही जातं, नाहीतर डोकं अडकून बसतं. बाल्कनीच्या कठड्यालाही हेच माप लावा आणि फट मोठी असेल तर खालपासून जाळी बांधून घ्या.

काही जण क्रेट, म्हणजे पिंजरा वापरतात. नावामुळे मनाला लागतं, पण नीट सवय लावली तर कुत्रा त्यात आपणहून जाऊन झोपतो. त्याला आत उभं राहता आलं पाहिजे, पूर्ण वळता आलं पाहिजे आणि पाय लांब करून पडता आलं पाहिजे. सुरुवातीला दार उघडं ठेवून आत खाऊ टाका आणि बाजूला व्हा. दोनतीन दिवस जेवण तिथंच द्या. मग तो खात असताना दार काही सेकंद लावून, त्याचं खाणं संपायच्या आत उघडा. सेकंदांची मिनिटं सावकाश होऊ द्या. आत ठेवताना गळपट्टा काढा, तो सळीत अडकून फास बसू शकतो. आणि शिक्षा म्हणून त्याला तिथं कधीही पाठवू नका. एकदा पाठवलंत तर ती जागा त्याच्या मनातून उतरते आणि मग तुमच्याकडे हद्द म्हणून काहीच उरत नाही.

किती वेळ? पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. दिवसा लघवी धरून ठेवायची ही फार तर वरची मर्यादा. ३ महिन्यांचं पिल्लू ४ तास म्हणजे ताणलेलंच म्हणायचं. जागं असताना, खेळल्यावर, खाल्ल्यावर तर त्याला लगेच बाहेर न्यावं लागतं. ज्या घरात दिवसभर कुणीच नसतं त्यांनी पिल्लू आणण्याआधी या हिशेबाकडे नीट बघावं.

‘लक्ष आहे’ म्हणजे काय

सगळ्यात जास्त गैरसमज इथं असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लक्ष ठेवायची वेळ म्हणजे हातात दुसरं काम नसलेली वेळ. फोन दुसऱ्या खोलीत. हे दिवसभर कुणालाच जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. १५-२० मिनिटं पूर्ण लक्ष, खेळ, शिकवणं, बाहेर नेऊन शी-शू. आणि मग त्याच्या जागेत झोप. लहान पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. संध्याकाळी जे पिल्लू वेड्यासारखं धावतं, कपडे ओढतं, हाताला कडकडून चावतं, ते बहुतेक वेळा झोपेला आलेलं असतं. त्याला आणखी खेळवून दमवायला जाऊ नका, दिवा मंद करून जागेत ठेवा. पाच मिनिटांत घोरायला लागेल.

घरात चारपाच माणसं असली की आणखी एक गोष्ट होते. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. आमच्याकडे आम्ही हे तोंडानं बोलून ठरवायचो. उठताना म्हणायचं, “चिंगी आता तुझ्याकडे,” आणि समोरच्यानं “हो, माझ्याकडे” म्हटल्याशिवाय खोली सोडायची नाही. मान हलवली तर ते धरायचं नाही. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, आठवड्यानं तोंडी बसलं. या एका सवयीनं आमचे जितके अपघात टळले तितके कुठल्याही महागड्या वस्तूनं टळले नाहीत.

नजर कशावर ठेवायची? जमीन हुंगत गोल फिरायला लागलं, खेळ अर्धवट टाकून कोपऱ्याकडे निघालं, की उचला आणि बाहेर न्या. सोफ्याच्या मागून चघळल्याचा आवाज आला, की जा. आणि पिल्लू अचानक गप्प झालं तर सगळ्यात आधी उठा.

अंगावर हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) आणि त्याला दोनेक मीटरची हलकी दोरी घालून ती जमिनीवर नुसती लोळत ठेवता येते. दोरीच्या टोकाला हाताचा फासा नको, तो फर्निचरच्या पायात अडकतो. या दोरीचा उपयोग असा, की नको त्या ठिकाणी निघालेल्या पिल्लामागे धावावं लागत नाही. दोरी उचलायची, हसतमुखानं आपल्याकडे बोलवायचं, झालं. धावलात की त्याच्या दृष्टीनं तो पकडापकडीचा खेळ होतो आणि उद्या ते मुद्दाम मोजा पळवेल. नजर हटणार असेल तेव्हा मात्र ही दोरी काढून ठेवा.

तोंडात काही धरलं असेल तर ते ओढून काढू नका. त्याहून आवडती गोष्ट नाकासमोर धरा, त्यानं वस्तू सोडली की खाऊ द्या आणि शक्य असेल तर ती वस्तूही परत द्या. माणूस जवळ आला की आपलं काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला पटलं पाहिजे. ज्या कुत्र्यांकडून लहानपणी सतत हिसकावून घेतलेलं असतं ते पुढे वस्तू तरी गिळून टाकतात, नाहीतर तिच्यावर पहारा देतात.

शिवाय एक वही ठेवा. कुठे लघवी झाली, काय फाडलं, किती वाजता. तीनचार दिवसांतच दिसतं की पाचपैकी चार घटना एकाच वेळी, एकाच दारापाशी होताहेत. मग फाटक कुठं लावायचं हे वहीच सांगते.

हद्द शिकवायची कशी

फाटकानं हद्द पाळली जाते, ती कळते शिकवण्यानं. मला तीन शब्द पुरले: ‘थांब’, ‘जागेवर’ आणि ‘सोड’. शब्द कुठलेही असोत, घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत. एक जण ‘उतर’ म्हणतो, दुसरा ‘खाली’, तिसरा ‘नको ना रे’, आणि मग सगळे म्हणतात कुत्रा ऐकत नाही. सोफ्यावर चढू द्यायचं की नाही हेही आधीच एकमतानं ठरवा. दोन्ही चालतं, पण आई असताना नाही आणि बाबा असताना हो, असं असेल तर त्यानं काय शिकायचं?

‘थांब’ दारापाशी शिकवायचं, कारण जीव जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथंच असते. पट्टा लावा. कडीला हात घाला. तो उसळला तर हात मागे घ्या, काही बोलू नका. चारही पाय स्थिर झाले की पुन्हा हात. दार बोटभर उघडा. तो पुढे आला तर सावकाश लावा. स्थिर राहिला तर ‘थांब’ म्हणा, खाऊ द्या, थोडं आणखी उघडा. पूर्ण उघड्या दारासमोर तो तुमच्या तोंडाकडे बघत थांबला, की ‘चल’ म्हणून बाहेर न्या. बाहेर जायला मिळणं हेच त्याचं मोठं बक्षीस. रोज दोनतीन मिनिटं पुरतात. तरीही पार्सल आलं, पाहुणे आले की आधी फाटक लावायचं आणि मग दार उघडायचं. शिकलेल्या कुत्र्याचाही उंबऱ्यावर भरवसा धरू नये.

‘जागेवर’साठी एक सतरंजी किंवा गादी ठरवा. तिच्यावर पाय पडला की खाऊ, बसला की खाऊ, पडून राहिला की मधूनमधून न मागता खाऊ. स्वयंपाकघरात उकळतं तेल असताना, जेवणाच्या वेळी, घरात माणसांची गर्दी असताना हा एक शब्द तुमचं फाटक होतो.

ओरडणं, मारणं, झालेल्या लघवीत नाक घासणं यातून तो एवढंच शिकतो की माणसासमोर हे करायचं नाही. मग तो पलंगाखाली जाऊन करतो आणि तुमची नजर निरुपयोगी होते. त्याला ‘आपण मालक आहोत हे दाखवून द्या’, पाठीवर पाडून दाबून धरा, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्याचं मूळ बघण्यासारखं आहे. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांची निरीक्षणं १९४७ साली प्रसिद्ध केली. बंदिस्त जागेतल्या त्या लांडग्यांमध्ये हाणामाऱ्या होत आणि त्यातून ‘अल्फा’ची, म्हणजे झगडून पुढारी झालेल्या लांडग्याची, कल्पना पसरली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि १९९९ साली स्पष्ट मांडलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथं पुढारीपण झगडून मिळवावं लागत नाही. आणि कुत्रा तर लांडगाही नाही. त्याला हद्द घालायची ती त्याला हरवण्यासाठी नसते, त्याला पुढे काय होणार हे कळावं म्हणून असते. ज्याला पुढचं कळतं तो शांत असतो.

गुरगुरणं थांबवू नका

हे वाक्य नवख्यांना विचित्र वाटतं. कुत्रा चावण्याआधी बराच वेळ बोलत असतो, फक्त आवाज नसतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी याची एक शिडी मांडली आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई, डोळ्यांची उघडझाप, स्वतःचं नाक चाटणं. मग तोंड फिरवणं, अंग फिरवणं, उठून लांब जाणं. मग कान मागे, शेपटी पायांत, अंग चोरून बसणं. त्याच्या वर अंग ताठ होणं आणि नजर रोखणं, गुरगुरणं, हवेत दात मारणं, आणि शेवटी चावा. झोप नसताना आलेली जांभई, भूक नसताना फिरलेली जीभ, हे ‘मला हे नको आहे’ असं सांगणं आहे.

गुरगुरल्याबद्दल मारलं तर तो गुरगुरणं सोडतो, त्याची भीती मात्र तशीच राहते. मग लोक म्हणतात, ‘काही इशारा न देता चावला.’ इशारा होता, आपणच तो पुसून टाकला. म्हणून गुरगुर ऐकू आली की जे चाललंय ते थांबवा, मागे व्हा, त्याला वाट द्या. आणि नंतर शांतपणे विचार करा की कशामुळे झालं. खात असताना जवळ आल्यामुळे? दुखऱ्या जागी हात लागल्यामुळे? झोपेतून उठवल्यामुळे? एरवी प्रेमळ असलेला कुत्रा अचानक गुरगुरायला लागला तर आधी डॉक्टरांकडे न्या, कारण दुखणं हे त्याचं फार मोठं कारण असतं. शेपटी हलतेय म्हणजे तो खूश आहे, असंही धरू नका. ताठ, उंच धरलेली आणि आखडून हलणारी शेपटी वेगळं काही सांगत असते.

जेवणाच्या वेळची हद्द साधी आहे: तो खात असताना त्याच्या भांड्याला कुणी हात लावायचा नाही. सवय लावायची म्हणून भांडं काढून घेणारे लोक जे टाळायचं तेच शिकवतात. जाताजाता लांबून भांड्यात आणखी चांगलं काही टाकलंत, तर तुमचं येणं त्याला हवंसं वाटायला लागेल.

मुलं आणि कुत्रा

लहान मुलांना होणारे चावे बहुतेकदा ओळखीच्या कुत्र्याकडून, घरातच होतात, आणि मोठी माणसं पुष्कळदा त्याच खोलीत असतात. मुलांच्या बाबतीत मी नियम आणखी कडक करते. शाळेत न जाणारं मूल आणि कुत्रा एकत्र असतील तेव्हा मोठं माणूस हाताच्या अंतरावर, दोघांच्या मध्ये बसलेलं हवं. ते शक्य नसेल तर फाटक, मग तो कुत्रा दहा वर्षांचा आणि देवमाणूस असला तरी. रांगणारं मूल आधार घ्यायला कुत्र्याचे केस धरतं, डोळ्यांत बोट घालतं, आणि कुत्र्याला ‘ते लहान आहे’ हे समजावता येत नाही.

मुलांना चार गोष्टी शिकवा आणि रोज आठवण करून द्या. तो झोपलेला, खात असलेला किंवा आपल्या जागेत असेल तेव्हा त्याच्याकडे जायचं नाही. मिठी मारायची नाही. माणसाला मिठीत प्रेम वाटतं, कुत्र्याला अडकल्यासारखं. तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. आणि तो उठून गेला तर त्याच्यामागे जायचं नाही. कुरवाळायचं कसं, तेही दाखवा: त्याला आपल्याकडे येऊ द्या, छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवा, हात काढून घ्या आणि बघा. तो पुढे सरकला तर पुन्हा. तोंड फिरवलं, नाक चाटलं तर आजचं एवढंच. मुलं हे फार छान शिकतात. माझी भाची सहा वर्षांची असताना पाहुण्यांना सांगायची, “आता चिंगी नको म्हणतेय.”

कुत्र्यालाही पळायला जागा हवी, जिथं मूल कधीच पोचणार नाही अशी. फाटक दोघांसाठी असतं.

चावा झालाच, घरच्या कुत्र्याचा असो की बाहेरच्या, तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. लहानसा ओरखडा असला तरी हे करायचंच. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर धुणं आणि लस यांनी तो पूर्ण टाळता येतो.

बाहेर

अंगण असेल तर कुंपण आतून आणि खालून तपासा. उडी मारणाऱ्यापेक्षा उकरून निसटणारे जास्त असतात; जाळीचा खालचा भाग आतल्या बाजूला वळवून मातीत पुरला की उकरणं थांबतं. मोठं फाटक कुणी उघडं टाकेल हे गृहीत धरा, त्याच्या आत आणखी एक लहान फाटक असलं तर उत्तम. अंगणात एकटा सोडणं म्हणजे फिरवणं झालं असं समजू नका. आणि साखळीनं दिवसभर बांधून ठेवू नका, त्यानं तो राखण करत नाही, चिडका होतो.

रस्त्यावर दीड-दोन मीटरचा साधा पट्टा पुरतो. सरकत्या दोरीचे पट्टे मी टाळते, कारण कुत्रा वाहनाखाली जायला तीन पावलं पुरतात आणि त्या दोरीचं बटण दाबायला तेवढा वेळ मिळत नाही. मोकळ्या मैदानात बोलावल्यावर येणं शिकवायचं असेल तर ५ ते १० मीटरची लांब दोरी हार्नेसला लावा, गळपट्ट्याला लावू नका. आणि तो आला की, कितीही उशिरा आलेला असो, रागावू नका. आल्यावर बोलणी खाल्ली तर पुढच्या वेळी तो का येईल? गळ्यात नाव आणि फोन नंबर असलेलं पदक हवं, मायक्रोचिपही (कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप) करून घ्या. त्यातला १५ आकडी क्रमांक तुमच्या नावावर नोंदवला नसेल तर चिप असून उपयोग नाही.

लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांपर्यंत, अनोळखी कुत्री जिथं फिरतात तिथं पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पण याच वयात, तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात, जगाची ओळख पक्की होते. म्हणून त्याला कडेवर घेऊन बाहेर न्या. वाहनं, छत्र्या, काठी टेकत चालणारी माणसं, पावसाचा आवाज, सगळं लांबून, खाऊ देत देत दाखवा.

ऊन हीसुद्धा एक हद्दच आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. बंद गाडीत पाच मिनिटंही नको. उन्हात उभ्या गाड्यांवर केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसनं चढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात, आणि काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडला नाही.

एकटं राहणं

नजर आणि दार यांतलं दार तोवर उपयोगी, जोवर तो दारामागे शांत राहतो. ही सवय पहिल्या आठवड्यापासून, तुम्ही घरात असतानाच लावा. फाटकापलीकडे जा, दहा सेकंदांत परत या. मग अर्धं मिनिट, दोन मिनिटं, मध्येच पुन्हा दहा सेकंद. जाताना निरोप समारंभ नको, येताना गळाभेट नको. जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून ठेवा आणि नंतर बघा. झोपला असेल तर वेळ वाढवा. येरझाऱ्या घालत असेल, लाळ गळत असेल, दार ओरबाडत असेल तर तुम्ही फार पुढे गेलात. वेळ निम्म्यावर आणा. आठवडे उलटूनही हेच चाललं तर वागणूक जाणणाऱ्या पशुवैद्यांना भेटा, कारण एकटेपणाची भीती हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

हद्द वाढवत नेणं

एका खोलीत सलग दोन आठवडे काही फाडलं नाही, कुठं ओलं झालं नाही, की शेजारची खोली उघडा. तिथंही सुरुवात नजरेखाली, दोरी लोळत ठेवून. चूक झाली तर रागावू नका, एक पाऊल मागे या आणि फाटक पुन्हा लावा.

सहाव्या महिन्यानंतर, कधी आठव्या-दहाव्यात, तो सगळं विसरल्यासारखा वागेल. बोलावलं तर बघेल आणि उलट्या दिशेला जाईल. तो वयात येतोय. पुष्कळ लोक याच वयात कुत्रा सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आणखी सहा-आठ महिने धीर धरला असता तर हाच कुत्रा घरभर मोकळा फिरला असता. या काळात माळ्यावर टाकलेलं फाटक खाली काढा, दोरी पुन्हा बांधा, खाऊ पुन्हा खिशात ठेवा.

चिंगी दीड वर्षाची झाली तेव्हा आमचं शेवटचं फाटक निघालं. ते टाकून देऊ नका, नीट ठेवा. गेल्या वर्षी, तेराव्या वर्षी, तिला अंधारात दिसेनासं झालं आणि एका रात्री ती जिन्याच्या दोन पायऱ्या घसरली. दुसऱ्या दिवशी मी तेच फाटक पुसून जिन्याच्या तोंडाशी बसवलं, तिच्या गादीपाशी मंद दिवा लावला आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं की खुर्च्यांच्या जागा बदलायच्या नाहीत. रात्री झोपायला जाताना आम्ही पुन्हा विचारतो, चिंगी कुणाकडे आहे?